प्रिंटर अडला म्हणून लावलेला एक फोन : संगणक-मदतीच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातले आहे. ज्यांच्याबाबतीत हे घडले त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका असून त्यांचे वय त्या वेळी ६९ वर्षांचे होते. गावात त्यांना सगळे 'बाई' म्हणतात, म्हणून इथेही तेच संबोधन वापरले आहे. ओळख पटू नये यासाठी गावाचे, बँकेचे आणि प्रिंटरच्या कंपनीचे नाव दिलेले नाही. हे सारे लिहून काढण्यास बाईंनी स्वतःहून सांगितले, आणि मजकूर त्यांना आधी वाचून दाखवला आहे.

माझा या प्रकरणाशी संबंध असा की, गावातील ज्येष्ठ नागरिक संघात मी दर शनिवारी दुपारी मोबाइल आणि संगणकाच्या अडचणी सोडवायला बसतो. बाई तिथे अधूनमधून येत. त्या संगणकाला घाबरणाऱ्यांपैकी मुळीच नव्हत्या. पेन्शनचे खाते त्या नेटबँकिंगवर पाहत, वीजबिल स्वतः भरत, आणि गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या खजिनदार म्हणून वर्षाचा सगळा जमाखर्च लॅपटॉपवर ठेवत. हे मुद्दाम सांगतो, कारण अशी फसवणूक 'ज्यांना काही कळत नाही त्यांची' होते असा समज फार पक्का आहे आणि या प्रकरणात तो चुकीचा ठरला. ज्याला संगणकातले काहीच कळत नाही तो मुळात प्रिंटर दुरुस्तीसाठी फोन लावत नाही. थोडे कळणारा, स्वतःचे काम स्वतः करू पाहणारा माणूसच हा फोन लावतो.

बाई एकट्या राहतात. मुलगी पुण्यात नोकरी करते. लॅपटॉप आणि प्रिंटर तिनेच घेऊन दिले होते आणि काही अडले की ती फोनवरून सांगत असे. पण मुलीच्या कामाच्या वेळेत फोन करायचा नाही, असा बाईंनी स्वतःपुरता एक नियम करून ठेवला होता. तो नियम मुलीला ठाऊकही नव्हता.

अडचण कशी उभी राहिली

जून महिन्यातला गुरुवार होता. वाचनालयाच्या वार्षिक सभेआधी हिशेबाची पत्रके दुसऱ्या दिवशी लेखापरीक्षकांकडे छापील स्वरूपात द्यायची होती. प्रिंटर चालू होता, कागद होता, शाई होती, पण लॅपटॉपवर मात्र तो 'ऑफलाइन' दिसत होता. बाईंनी लॅपटॉप आणि प्रिंटर दोन्ही दोनदा बंद करून चालू केले. मग त्यांनी ब्राउझरमध्ये कंपनीचे नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असे लिहून शोध घेतला.

सर्वांत वर जो निकाल आला त्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिलेले होते. शोधयंत्राच्या पानावर वरची जागा जाहिरातीसाठी विकत घेता येते, आणि ती जागा घेणारा मूळ कंपनीचाच असतो असे नाही, हे बाईंना माहीत नव्हते. त्या पानावर कंपनीचे बोधचिन्ह होते, तोच निळा रंग होता आणि ठळक अक्षरांत एक नंबर होता. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी बाईंनी तो लावला.

पुढे जे काही झाले त्याचे मूळ इथे आहे, म्हणून याबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. अनोळखी माणसाचा फोन आला तर सावध राहा, असे आपण सगळ्यांना सांगत असतो. बाईही सावध असत. बक्षीस लागल्याचे, केवायसी संपल्याचे फोन त्या बिनदिक्कत कापत. पण या वेळी फोन त्यांनीच लावला होता. स्वतः लावलेल्या फोनवर भेटणारा माणूस आपल्या मदतीसाठीच बसलेला आहे असे आपण धरून चालतो आणि संशयाचे दार तिथेच बंद होते. फसवणारे आता आपल्यापर्यंत येण्याऐवजी, आपण अडचणीत ज्या वाटेने जाणार त्या वाटेवर दुकान मांडून बसतात.

फोनवरचा तास

पलीकडच्या माणसाने स्वच्छ हिंदीत, 'मॅडम' म्हणत, अतिशय अदबीने बोलायला सुरुवात केली. मागून इतर माणसे फोनवर बोलत असल्याचा आवाज येत होता. 'तो आवाज ऐकूनच मला वाटलं, हे खरं ऑफिस आहे,' असे बाई नंतर म्हणाल्या. ते ऑफिस खरेच असू शकते. असे धंदे पगारी माणसे, पाळ्या आणि पर्यवेक्षक असलेल्या कॉल सेंटरमधून चालतात. २०१६ साली ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे छापे घातले तेव्हा अमेरिकेतील लोकांना करवसुलीची भीती घालणारी अशी केंद्रे उघडकीस आली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशभर केलेल्या कारवाईत नामांकित कंपन्यांच्या तांत्रिक मदतीचे सोंग घेणाऱ्या केंद्रांचाही समावेश होता. मागचा आवाज किंवा बोलण्यातला सराईतपणा हा खरेपणाचा पुरावा धरता येत नाही.

त्या माणसाने बाईंना दूरवरून संगणक हाताळता येईल असे एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगितले, पडद्यावर आलेला अंक विचारला आणि परवानगीच्या बटणावर टिचकी मारायला लावली. अशी सॉफ्टवेअर स्वतः वाईट नसतात. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी साधने हजारो कार्यालयांत रोजच्या कामासाठी वापरली जातात. पण परवानगी दिली की पलीकडचा माणूस आपल्या खुर्चीत येऊन बसल्यासारखाच होतो. आपल्याला जे उघडता येते ते त्यालाही उघडता येते.

प्रिंटरकडे त्याने पाहिलेही नाही. त्याने विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर उघडले आणि तिथल्या लाल खुणा एकामागून एक दाखवल्या. इव्हेंट व्ह्यूअर ही संगणकाची रोजनिशी असते. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, एखादी जोडणी फसली, तरी तिथे लाल किंवा पिवळी नोंद होते, आणि अगदी धडधाकट संगणकावरही अशा शेकडो नोंदी सापडतात. मग त्याने आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत 'नेटस्टॅट' ही संगणकाच्या चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा दिली. तिच्या उत्तरात 'फॉरेन अ‍ॅड्रेस' असा एक रकाना असतो. 'फॉरेन' म्हणजे परदेशी, इतकी माणसे बाहेरून तुमच्या संगणकात शिरली आहेत, असे त्याने सांगितले. त्या रकान्याचा खरा अर्थ फक्त 'जोडणीच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता' एवढाच आहे. आपण एखादे साधे संकेतस्थळ उघडले तरी तिथे नोंद दिसते. बाईंनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले होते. त्यांना 'फॉरेन' शब्दाचा अर्थ ठाऊक होता, आणि तोच अर्थ त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

संरक्षणासाठी तीन वर्षांची योजना ६,४९९ रुपयांची आहे, असे तो म्हणाला. बाईंनी बिल मागितले. दोन मिनिटांत बोधचिन्हासह बिल ईमेलवर आले. बिल मागणे ही योग्य सवय होती, पण बिलावर पत्ता आणि जीएसटी क्रमांक खरा आहे का हे तपासायला लागणारा वेळ त्यांना मिळू दिला गेला नाही. १२ वाजून १० मिनिटांनी त्यांनी डेबिट कार्डाने पैसे भरले.

मग तो म्हणाला, 'पैसे आमच्याकडे दिसत नाहीत. तुमच्या खात्यातून गेले का ते नेटबँकिंगमध्ये पाहून सांगा.' हे मागणे इतके साधे होते की बाईंनी लॉगिन केले. त्याच क्षणी पडदा काळा झाला. 'तपासणी चालू आहे, लॅपटॉपला हात लावू नका,' असे सांगण्यात आले. अशा काही साधनांत समोरच्याचा पडदा झाकून आत काम करण्याची सोय असते. ती प्रत्यक्षात कार्यालयातल्या गोपनीयतेसाठी केलेली आहे, इथे तिचा वापर बाईंच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासाठी झाला. बँकेच्या बाजूने पाहिले तर नेहमीचाच लॅपटॉप, नेहमीचेच इंटरनेट, नेहमीचाच पासवर्ड. तिथे धोक्याची घंटा वाजण्याचे कारण नव्हते.

पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत मोबाइलवर दोन ओटीपी आले आणि बाईंनी दोन्ही सांगितले. पहिला नवा लाभार्थी, म्हणजे पैसे पाठवण्यासाठी नवे खाते, जोडण्यासाठी होता, दुसरा त्या लाभार्थ्याला ४९,००० रुपये पाठवण्यासाठी. नव्या लाभार्थ्याला पहिल्या दिवशी ५०,००० रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतील अशी मर्यादा त्या खात्यावर होती, म्हणून आकडा ४९,००० चा.

निर्णयाचा क्षण

दोन्ही वेळा ओटीपीचा अंक मोबाइलच्या वरच्या पट्टीत दिसला होता, त्यामुळे बाईंनी पूर्ण संदेश उघडलाच नाही. तिसरा संदेश लांब होता. पट्टीत अंक दिसेना, म्हणून त्यांना संदेश उघडावा लागला, आणि उघडल्यावर त्या सवयीने पहिल्या शब्दापासून वाचू लागल्या. त्यात लिहिले होते की, ३ लाख रुपयांची मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्यासाठी हा अंक आहे आणि तो कोणालाही सांगू नये.

ती ठेव त्यांनी मुलीच्या मदतीने ऑनलाइन केलेली होती. प्रिंटरचा आणि मुदत ठेवीचा संबंध काय, हा प्रश्न त्यांनी त्या माणसाला विचारला. तो प्रथम समजावू लागला, मग त्याचा आवाज चढला आणि तो म्हणाला की आता मध्येच थांबलात तर खाते गोठेल. बाईंनी उठून राउटरचे बटण बंद केले. वेळ १२ वाजून ४४ मिनिटे.

संदेश उघडून वाचणे आणि चर्चा न करता जोडणीच तोडणे या दोन कृतींनी ३ लाख रुपये वाचले. लॅपटॉप बंद करण्यापेक्षा राउटर बंद करणे त्या क्षणी अधिक चांगले, कारण माऊस आपल्या ताब्यात नसला तरी भिंतीवरचे बटण आपल्याच हातात असते.

यानंतर मात्र अर्धा तास वाया गेला आणि हा अर्धा तास पुढे महागात पडला. बाईंनी त्याच नंबरवर पुन्हा फोन लावला. त्यांना जाब विचारायचा होता. ज्या माणसाने चाळीस वर्षे वर्गाला शिस्त लावली तो असे करणारच. या वेळी दुसरा, वयस्क आवाजाचा 'मॅनेजर' बोलला. त्याने माफी मागितली, आधीच्या मुलाला कामावरून काढतो असे सांगितले, आणि सगळी रक्कम परत करण्यासाठी फक्त इंटरनेट पुन्हा चालू करा, अशी विनंती केली. बाईंचा हात राउटरपर्यंत गेला होता. त्यांनी तो का मागे घेतला हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. सव्वा वाजता त्यांनी मला फोन केला.

मुलीला का नाही, असे मी पुष्कळ दिवसांनी विचारले. 'ती रागावेल म्हणून नाही, ती माझा लॅपटॉपच काढून घेईल असं वाटलं,' हे त्यांचे उत्तर होते. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आपण 'तुम्हाला कशाला हवेत हे उद्योग' असे सहज म्हणून जातो, त्याचा परिणाम किती दूरवर पोहोचतो हे मला त्या उत्तराने दाखवून दिले.

समोर असलेले पर्याय

मी दीड वाजता पोहोचलो तेव्हा बाईंनी लॅपटॉप पिशवीत घालून ठेवला होता. त्यांना तो लगेच दुकानात नेऊन फॉरमॅट करून हवा होता. घाबरलेल्या माणसाला घाण आधी पुसून टाकावीशी वाटते, ते स्वाभाविक होते. पण त्याने पुरावा गेला असता आणि पैसे तर आलेच नसते.

दुसरा पर्याय बँकेच्या शाखेत जाण्याचा होता. शाखा दोन किलोमीटरवर, आणि जेवणाची सुट्टी. तिसरा, पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज देण्याचा. चौथा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करण्याचा.

शाखा आणि ठाणे दोन्ही आवश्यक होते, पण त्यांचा क्रम नंतरचा होता. १९३० ची व्यवस्था केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राशी जोडलेली आहे. पूर्वी हाच क्रमांक १५५२६० होता. तिथे तक्रार नोंदली की ती संबंधित बँकेकडे जाते, आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे अजून शिल्लक असतील तर ते रोखून धरले जातात. पैसे पुढच्या बँकेत सरकले असतील तर तक्रारही त्यांच्या मागोमाग पुढे जाते. फसवणारे मिळालेले पैसे लगेच दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवून एटीएममधून काढतात, म्हणून इथे मिनिटांना किंमत असते.

काय केले

आम्ही दोन फोन एकाच वेळी वापरले. माझ्या फोनवरून १९३० लावत राहिलो. तो चौथ्या प्रयत्नात लागला. बाईंनी त्यांच्या फोनवरून बँकेला फोन केला, आणि या वेळी नंबर शोधयंत्रातून न घेता डेबिट कार्डाच्या मागे छापलेला घेतला. कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय, तिन्ही बंद करून घेतले आणि तक्रारीचा क्रमांक वेळेसह वहीत लिहिला. १९३० वर खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक विचारतात. तो बँकेच्या संदेशात होता. नोंद झाली तेव्हा १ वाजून ५० मिनिटे झाली होती, म्हणजे पैसे गेल्यापासून सव्वा तासाच्या आसपास. त्यानंतर संध्याकाळी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संपूर्ण तक्रार भरली.

शाखेत आम्ही तीन वाजता लेखी अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व वेळ घेतली. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी अर्ज घेतला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ सी आणि ६६ डी ही कलमे, म्हणजे दुसऱ्याची डिजिटल ओळख वापरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे, अशा प्रकरणांत लागू होतात, हे तिथल्या एका अधिकाऱ्यांनी बाईंना शांतपणे समजावून सांगितले. त्या शांतपणाचा बाईंना फार आधार वाटला, हे नमूद केले पाहिजे.

लॅपटॉपचे काम शेवटी केले. इंटरनेट न जोडता तो चालू करून आधी पडद्यांचे मोबाइलने फोटो काढले : दूरनियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधील जोडणीची नोंद, ब्राउझरचा इतिहास, त्या जाहिरातीच्या पानाचा पत्ता. पासवर्ड लॅपटॉपवरून न बदलता मुलीच्या जुन्या टॅबलेटवरून बदलले आणि सुरुवात बँकेपासून न करता ईमेलपासून केली, कारण बाकीचे बहुतेक पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने घेता येतात. ईमेलमध्ये कोणती उपकरणे जोडलेली आहेत, टपाल परस्पर दुसरीकडे पाठवण्याचा नियम कोणी घालून ठेवला आहे का, हेही पाहिले. तसे काही नव्हते.

ते सॉफ्टवेअर नुसते काढून टाकून भागेल का, यावर मी बराच विचार केला. अशा साधनांत मालक समोर नसतानाही आत येता येईल असा कायमचा पासवर्ड ठेवता येतो, आणि पडदा काळा असताना आणखी काय बसवले गेले हे खात्रीने सांगणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून वाचनालयाची हिशेबपत्रके आणि बाईंची कागदपत्रे तेवढी पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने बसवले.

एक गोष्ट बाईंनी माझ्या सल्ल्याशिवाय केली. लॅपटॉपवर वाचनालयाच्या सभासदांची नावे आणि मोबाइल क्रमांकांची यादी होती. शुक्रवारी सकाळी त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे गेल्या आणि ती यादी बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, सभासदांना सावध करा, असे सांगितले. वाचनालयाचे बँक खाते दोन सह्यांच्या धनादेशावर चालते, त्यामुळे तिथल्या पैशांना धक्का नव्हता. तरीही स्वतःची फजिती चारचौघांत सांगणे सोपे नव्हते. त्या सभेनंतर दोन सभासदांनी स्वतःचे असेच अनुभव पहिल्यांदा उघड केले.

आणि प्रिंटर? त्याआधीच्या महिन्यात राउटर बदलला होता आणि प्रिंटर अजून जुन्या वायफायचे नाव शोधत होता. नवे नाव आणि पासवर्ड घातल्यावर दहा मिनिटांत पत्रके छापून झाली.

निष्पत्ती

४९,००० रुपयांपैकी ३१,००० रुपये पुढे निघून गेले होते. १८,००० रुपये पहिल्याच खात्यात रोखले गेले. ते न्यायालयाच्या आदेशाने पाच महिन्यांनी बाईंच्या खात्यात परत आले. तो अर्धा तास वाया गेला नसता तर किती वाचले असते हे सांगता येत नाही, पण पैसे टप्प्याटप्प्याने सरकले होते हे बँकेच्या उत्तरावरून कळते.

कार्डाने भरलेल्या ६,४९९ रुपयांबद्दल बँकेत हरकत नोंदवली. व्यवहार ओटीपीने प्रमाणित आहे या कारणाने ती फेटाळली गेली. उरलेल्या ३१,००० रुपयांबाबतही बँकेने जबाबदारी नाकारली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी कुठपर्यंत हे ठरवून दिलेले होते : चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच नाही, चूक दोघांचीही नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरीही काही नाही, मात्र ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. बाईंनी ओटीपी सांगितले होते आणि कळवल्यानंतर एकही व्यवहार झाला नव्हता, त्यामुळे तिथे बाजू कमकुवत होती.

बँकेच्या उत्तराने समाधान झाले नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. आम्ही ती केली नाही. तेव्हा मला वाटले की निष्फळ धावपळ होईल आणि बाई दमल्या होत्या. आज तो निर्णय मला बरोबर वाटत नाही. नवा लाभार्थी जोडल्यावर काही मिनिटांतच मर्यादेच्या काठावरची रक्कम जाते आणि पाठोपाठ मुदत ठेव मोडण्याचा प्रयत्न होतो, या क्रमाकडे बँकेच्या यंत्रणेने लक्ष द्यायला हवे होते का, हा प्रश्न योग्य ठिकाणी विचारायला हवा होता.

तीन आठवड्यांनी बाईंना आणखी एक फोन आला. 'सायबर शाखेतून बोलतोय, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी २,००० रुपये शुल्क भरा.' ज्याची एकदा फसवणूक झाली त्याचा नंबर पुन्हा विकला जातो, आणि गेलेले पैसे परत मिळवण्याची आशा दाखवून दुसऱ्यांदा लुबाडले जाते. बाईंनी त्यांना तक्रारीचा क्रमांक विचारला. फोन बंद झाला.

भरवशाची मदत कशी शोधली

या प्रकरणातून मला स्वतःला जे पटले ते हे की, मदतनीस कोण हे अडचण येण्याआधी ठरलेले असले पाहिजे. अडल्यावर शोधायला निघालेल्या माणसाला वेळ नसतो, आणि त्याच्या घाईवरच समोरच्याचा धंदा चालतो. म्हणून आम्ही एक शांत दुपार काढून बसलो.

कंपनीचा नंबर घ्यायचा तर तो प्रिंटरच्या खोक्यावरून, वॉरंटीच्या कागदावरून किंवा कंपनीच्या संकेतस्थळाचा त्या कागदावरचा पत्ता स्वतः टाइप करून, असे ठरले. असे चार नंबर आम्ही काढून वहीत लिहिले. लॅपटॉप जिथून घेतला त्या पुण्यातल्या दुकानाचा काही उपयोग नव्हता. गावातल्या एमएस-सीआयटी केंद्रातील शिक्षकांकडे आम्ही गेलो. ते घरी येऊन काम करतात, येण्याचे आणि कामाचे पैसे आधी सांगतात, काम झाल्यावर घेतात आणि पावती देतात. मुख्य म्हणजे गावातले निम्मे लोक त्यांना ओळखतात. काही चुकले तर त्यांच्या दारात जाऊन उभे राहता येते. परगावच्या किंवा फोनवरच्या तंत्रज्ञाबाबत बाईंनी स्वतःची एक कसोटी ठरवली : 'मी आता फोन ठेवते आणि कंपनीच्या छापील नंबरवरून तुम्हाला पुन्हा गाठते,' असे म्हणायचे. खरा माणूस याला हरकत घेत नाही.

अचानक पूर्ण पडदाभर भोंगा वाजवत 'तुमचा संगणक बाधित झाला आहे, या नंबरवर फोन करा' असे पान उघडते, त्याचाही सराव करून घेतला. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो, एवढी एक खूण पुरेशी आहे. एस्केपची कळ दाबून धरली की पडदाभर पसरलेले पान सहसा आवरते. तेवढ्याने जमले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, आणि पुन्हा उघडताना आधीची पाने परत आणू द्यायची नाहीत.

मुलीला बाईंनी आठवड्याने सांगितले. ती रागावली नाही. ती रडली, असे बाई म्हणतात. आता ती विंडोजमधल्याच क्विक असिस्ट या दुरून मदत करण्याच्या सोयीतून मदत करते. त्यांचा करार असा आहे : फोन बाईंनी करायचा, मुलीने दिलेला अंक घालायचा, बँकेचे पान त्या वेळी उघडे नको, बाई पडद्यासमोरून उठणार नाहीत, आणि काम झाले की जोडणी बाईंनीच तोडायची. कामाच्या वेळेत फोन करायचा नाही हा जुना नियम मुलीनेच मोडीत काढला.

एका मुद्द्यावर मात्र दोघींचे अजून जमलेले नाही. आपल्याला केव्हाही, न विचारता आत येता यावे अशी कायमची सोय लॅपटॉपवर असावी असे मुलीला वाटते. आईला रात्री-अपरात्री काही झाले तर, हे तिचे म्हणणे. बाई नाही म्हणतात. 'घराची किल्ली तुझ्याकडे आहेच,' त्या मुलीला म्हणाल्या, 'पण तू आत येताना बेल वाजवतेसच ना?' मला विचारले तर मी दोन्ही बाजू ऐकून घेतो, आणि तूर्त तरी ती सोय लॅपटॉपवर बसवलेली नाही.